खर्च कोणाचा, हिशेब कोणाकडे?

एक शहर, दोन व्यवस्था

भिलाईचा पोलाद कारखाना हा स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये त्याविषयी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर एक नवे नगरही उभे राहिले. सेक्टरांमध्ये विभागलेल्या या नगरात घरे, शाळा, बाजार व मैदाने यांची सोय कारखान्याने केली. कामगार किंवा त्याच्या कुटुंबातील कोणी आजारी पडले, तर उपचाराची जबाबदारीही कारखान्यानेच स्वीकारली. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र ही या आरोग्यव्यवस्थेतील सर्वांत मोठी संस्था होय.

देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे येथे कामाला आली. त्यांत मराठी भाषकही होते, आणि त्यांना हा प्रदेश अगदीच परका नव्हता. दुर्ग जिल्हा ज्या राज्यात मोडत असे, त्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर हीच होती. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर व राजनांदगाव ओलांडून दुर्गला येतो. या मार्गाने विदर्भातील कुटुंबांचे येणे-जाणे कारखान्यापूर्वीपासूनच होते.

नोकरीचा काळ संपला, की बहुतेकांना कारखान्याचे घर सोडावे लागते. काही गावी परततात. पुष्कळजण दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील मोहन नगरसारख्या वस्त्यांमध्ये घर करतात. राहण्याचे ठिकाण बदलले, म्हणजे आजारपणाचा खर्च भागवण्याची पद्धतही काही अंशी बदलते. कारखान्याच्या रुग्णालयाचे दार निवृत्तांना बंद होत नाही. परंतु अन्यत्र, खाजगी रुग्णालयात उपचार घ्यावयाचे झाल्यास त्यांच्यासाठी सामूहिक वैद्यकीय विमा असतो. त्याच्या हप्त्याचा काही भार कंपनी उचलते, काही सभासद. हा विमा दरवर्षी नव्याने करावा लागतो.

अशा रीतीने एकाच शहरात, एकाच नियोक्त्याच्या छत्राखाली, दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. पहिलीत नियोक्ता रुग्णालयाचाच मालक असतो. दुसरीत तो विम्याचे पैसे भरतो आणि उपचाराचा व्यवहार इतरांच्या हाती असतो. दोन्हींत पैसा जातो. परंतु तो कशासाठी गेला हे कळण्याचे मार्ग दोहोंत अगदी भिन्न आहेत. उपचारासाठी पैसे देणाऱ्याला त्या उपचाराविषयी काय, किती आणि कोणत्या अटीवर कळावे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो; परंतु त्याच्या उत्तरावर हप्त्याची रक्कम अवलंबून असते, आणि कधी कधी एखाद्याची नोकरीही.

दावा म्हणजे काय

विम्याच्या परिभाषेत ‘दावा’ म्हणजे झालेल्या खर्चाची विमा कंपनीकडे केलेली मागणी. रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येक विमाधारकामागे एक दावा तयार होतो, व प्रत्येक दाव्यातून एक नोंद निर्माण होते. या नोंदीत रुग्णाचे नाव, वय व विमाधारकाशी नाते असते. रुग्णालयाचे नाव, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख असते. रोगाचे निदान व केलेली शस्त्रक्रिया असते.

त्याच नोंदीत पैशाचे तीन निरनिराळे आकडे असतात. पहिला, रुग्णालयाने मागितलेली रक्कम. दुसरा, करारातील दर व विम्याचे नियम लावून मान्य झालेली रक्कम. तिसरा, प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम. पहिल्या व तिसऱ्या आकड्यांतील फरक कोणी सोसला, रुग्णालयाने सूट म्हणून की रुग्णाने खिशातून, हे नोंद नीट ठेवली असेल तरच समजते.

निदान शब्दांत लिहिले तर एकाच रोगाची दहा नावे होतात. म्हणून रोगांना क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिचा उगम फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या वर्गीकरणात आढळतो. पुढे हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले; वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. या क्रमांकांमुळे हजारो नोंदी एकत्र करून मोजता येतात. मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, हृदयविकाराचे किती रुग्ण दाखल झाले, मूत्रपिंडाच्या विकारावर किती खर्च झाला, या प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वतःचे रुग्णालय चालवणाऱ्या कारखान्यात दावा निर्माणच होत नाही. डॉक्टर व परिचारिकांचे वेतन, औषधांची खरेदी, यंत्रांची देखभाल, वीज व पाणी, असा सगळा खर्च एकत्र होतो. रोगाची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत तपशीलवार असते. परंतु त्या एका रुग्णाच्या उपचारास किती खर्च आला, हे सहजी सांगता येत नाही. विम्याच्या व्यवस्थेत उलट घडते. तेथे प्रत्येक उपचाराला किंमत लागलेली असते. मात्र ती वही पैसे देणाऱ्याच्या कपाटात नसते.

वही कोणाच्या कपाटात

भारतात सर्वसामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले, आणि सार्वजनिक क्षेत्रातील चार विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ ही योजना आणली. आरंभी रुग्णाने खर्च करावयाचा, पावत्या जोडावयाच्या आणि परतफेडीची वाट पाहावयाची, असा शिरस्ता होता. १९९९ च्या कायद्याने विमाक्षेत्रावर नियामक प्राधिकरण नेमले गेले. त्याने २००१ साली केलेल्या नियमांमुळे या व्यवहारात एक मध्यस्थ अधिकृतपणे आला. त्याला त्रयस्थ प्रशासक म्हणतात. व्यवहारात तो ‘टीपीए’ याच नावाने ओळखला जातो. रुग्णालयांशी संधान ठेवणे, रोकडविरहित उपचाराला मंजुरी देणे, दाव्याचे कागद तपासणे ही त्याची कामे. त्यामुळे दाव्यांची वही प्रथम त्याच्याकडे तयार होते. नियमांप्रमाणे तो विमा कंपनीला बांधलेला असतो आणि रुग्णांविषयीची माहिती गोपनीय ठेवणे हे त्याचे कर्तव्य असते.

आता सामूहिक विम्याचा हप्ता कसा ठरतो ते पाहू. उदाहरणादाखल असे समजू, की एका संस्थेच्या २,००० निवृत्तांचा विमा दरडोई १०,००० रुपये हप्त्याने उतरवला आहे. वर्षाचा एकूण हप्ता २ कोटी रुपये झाला. वर्षभरात २ कोटी ४० लाख रुपयांचे दावे आले, म्हणजे दाव्यांचे हप्त्याशी प्रमाण १२० टक्के झाले. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी हा आकडा पुढे ठेवील आणि हप्ता वाढवून मागेल. दावे, कंपनीचा व्यवस्थापन-खर्च व नफा मिळून हप्ता दीडपट होणेही अशक्य नाही. १०,००० रुपये भरणाऱ्या वृद्धाला १५,००० भरावे लागतील. आणि ज्याला ते झेपणार नाहीत तो योजनेतून बाहेर पडेल.

परंतु १२० टक्के या एका आकड्यावरून काय समजते? खर्च वाढण्याची कारणे निरनिराळी असू शकतात. आजारी पडणाऱ्यांची संख्या वाढली असेल. संख्या तेवढीच राहून प्रत्येक उपचाराची किंमत वाढली असेल. दोन-चार अतिशय मोठ्या दाव्यांनी बेरीज फुगली असेल. तसे असल्यास पुढच्या वर्षी ती आपोआप उतरेल. वर्ष संपण्यापूर्वीच नूतनीकरणाची बोलणी सुरू होतात. त्यामुळे नऊ-दहा महिन्यांच्या दाव्यांवरून बारा महिन्यांचा अंदाज बांधलेला असतो, आणि ‘घडलेले पण अद्याप न नोंदलेले’ दावे म्हणून त्यात एक अंदाजी रक्कम मिळवलेली असते. ही रक्कम कशी काढली, हे पाहिल्यावाचून त्या बेरजेवर विश्वास ठेवणे कठीण आहे.

प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. मोतीबिंदूच्या एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेला एक रुग्णालय १८,००० रुपये व दुसरे ४२,००० रुपये घेत असेल, तर दर ठरवून घेणे हा उपाय होय. मधुमेहाच्या रुग्णांचे पाय कापावे लागत असतील, तर खर्चाचे मूळ रुग्णालयात नसून वस्तीत आहे. तेथे नियमित तपासणी व औषधे पोचवली पाहिजेत. दाव्यांतील मोठा भाग नाकारला जात असेल, तर हप्ता भरूनही सभासदांना खर्च सोसावा लागतो आहे, असा त्याचा अर्थ. यांतील कोणतीही गोष्ट एकूण बेरजेत दिसत नाही. ती नोंदीनोंदींत दिसते. म्हणून नियोक्ता किंवा निवृत्तांची संघटना वाटाघाटीला बसते तेव्हा ज्याच्याकडे नोंदी आहेत तो पक्ष बोलतो आणि ज्याच्याकडे केवळ बेरीज आहे तो ऐकतो.

स्व-निधीचा मार्ग

या अडचणीवर एक उपाय म्हणजे विमा कंपनीवर जोखीम न टाकता नियोक्त्यानेच निधी उभारणे. अशा व्यवस्थेत आजारपणाचा खर्च संस्थेच्या निधीतून थेट भागवला जातो. विमा कंपनी असलीच तर ती केवळ कारकुनी कामापुरती, म्हणजे दावे तपासून पैसे अदा करण्यापुरती असते. एखादे वर्ष फारच वाईट गेले तर निधी बुडू नये म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडील खर्चासाठी वेगळा विमा घेतला जातो. भिलाईचे रुग्णालय हेही एका अर्थाने स्व-निधीचेच रूप होय. फरक इतकाच, की तेथे पैशाऐवजी सेवाच दिली जाते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. तेथे आरोग्य विमा प्रामुख्याने नोकरीबरोबर येतो. २०२४ सालच्या एका प्रसिद्ध वार्षिक पाहणीनुसार, नोकरीतून आरोग्य-संरक्षण मिळणाऱ्या कामगारांपैकी सुमारे ६३ टक्के स्व-निधीच्या योजनांत होते. १९७४ साली कामगारांच्या निवृत्तिवेतनादी लाभांविषयी संमत झालेल्या कायद्याने अशा योजनांना राज्यांच्या विमाविषयक नियमांतून मोकळे केले, आणि त्याबरोबर एक मोठी जबाबदारीही टाकली. निधी सांभाळणाऱ्याने विश्वस्ताप्रमाणे वागले पाहिजे. प्रत्येक खर्च सभासदांच्या हिताचा व वाजवी असला पाहिजे.

आपल्याच पैशाने, आपल्याच जोखमीवर उपचार होत असल्याने दाव्यांची वही नियोक्त्याला सहज मिळत असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही. दावे तपासणाऱ्या कंपन्यांनी रुग्णालयांशी स्वतंत्र करार केलेले असत, आणि त्यांतील दर हे व्यापारी गुपित मानले जाई. नियोक्त्याशी केलेल्या करारात ही गुपिते उघड न करण्याची कलमे असत. हिशेब-तपासणीला परवानगी असली तरी ती थोड्या नमुना-दाव्यांपुरती. ज्याच्या निधीतून पैसे जात होते त्यालाच एखाद्या शस्त्रक्रियेचा मान्य दर ठाऊक नसे.

दोन खटल्यांवरून या परिस्थितीची कल्पना येईल. व्हरमाँट राज्याने सर्व दाव्यांच्या नोंदी एकत्र करणारे सार्वजनिक कोठार उभारले होते. एका स्व-निधी योजनेच्या प्रशासकाकडून, म्हणजे ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ऑफ मॅसॅच्युसेट्स या संस्थेकडून, राज्याने नोंदी मागितल्या. १ मार्च २०१६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १९७४ च्या कायद्यामुळे राज्याला अशी सक्ती करता येणार नाही. त्यामुळे राज्यांच्या कोठारांतून स्व-निधी योजनांतील लक्षावधी कामगारांच्या नोंदी वगळल्या गेल्या, किंवा त्या स्वेच्छेने देण्यावर सोपवल्या गेल्या. दुसरा खटला मॅसॅच्युसेट्समधील बांधकाम-मजुरांच्या आरोग्य निधीने २०२१ साली त्याच संस्थेविरुद्ध केला. प्रशासकाने करारातील दरांहून अधिक रकमा निधीतून अदा केल्या, असा मजुरांच्या निधीचा आरोप होता. २०२३ साली अपील न्यायालयाने ठरवले, की त्या कामापुरती ही संस्था विश्वस्त ठरत नाही; निधीचा दावा फेटाळला गेला.

दरम्यान कायदेमंडळाने एक पाऊल उचलले होते. डिसेंबर २०२० मध्ये स्वाक्षरी झालेल्या आणि २०२१ च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्थविषयक कायद्यात, दर व दाव्यांच्या नोंदी दडवणारी करारकलमे निषिद्ध ठरवण्यात आली. रुग्णाची ओळख काढून टाकलेल्या नोंदी मागण्याचा योजनेचा हक्क मान्य झाला. आपल्या करारात अशी कलमे नाहीत, असे प्रमाणपत्र योजनांनी दरवर्षी द्यावयाचे. पहिल्या प्रमाणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ही होती. या कायद्याचा एक परिणाम असा झाला, की ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ ही सबब नियोक्त्यालाही सांगता येईनाशी झाली. वही पाहण्याचा हक्क मिळाला, म्हणजे ती न पाहिल्याचा जाबही द्यावा लागणार.

नोंदीतला माणूस

येथवर विचार केवळ पैशाच्या बाजूने झाला. परंतु दाव्याच्या ज्या ओळीत रक्कम असते त्याच ओळीत रोगही असतो. ‘१ लाख ३० हजार रुपये’ या आकड्याशेजारी मानसिक विकाराचे, क्षयाचे किंवा एचआयव्हीचे निदान लिहिलेले असते, आणि त्याच्या डावीकडे नाव. ही ओळ विमा कंपनीने वाचली तर हप्ता वाढेल. ती साहेबाने वाचली तर बढती अडेल.

ही भीती निराधार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली निकालात काढलेले एक प्रकरण या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगाराची नियमित नेमणुकीपूर्वी वैद्यकीय तपासणी झाली. तो कामाला धडधाकट होता. परंतु रक्तात एचआयव्ही आढळल्यामुळे त्याला काम नाकारण्यात आले. न्यायालयाने त्याला आपले नाव गुप्त राखून दाद मागण्याची मुभा दिली. जो माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे २०१७ साली एचआयव्हीविषयक स्वतंत्र कायदा झाला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. नोकरीतील भेदभाव व संमतीवाचून माहिती उघड करणे, या दोहोंस त्याने मनाई केली. परंतु हे संरक्षण एका रोगापुरते आहे. कर्करोग, अपस्मार, नैराश्य किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी त्या तोडीचा वेगळा कायदा नाही.

२०१७ सालीच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने वापरावी, हे त्याचे सर्वसाधारण तत्त्व. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यांपैकी एक नोकरीचा आहे: नोकरीच्या प्रयोजनासाठी, नियोक्त्याला हानीपासून वाचवण्यासाठी, किंवा कर्मचाऱ्याने मागितलेला लाभ देण्यासाठी माहिती वापरली, तर वेगळ्या संमतीची गरज नाही. ‘नोकरीचे प्रयोजन’ हे शब्द प्रशस्त आहेत. वैद्यकीय लाभ मिळावा म्हणून दिलेली माहिती वैद्यकीय लाभापुरतीच राहावी, याची हमी त्या शब्दांतून आपोआप मिळत नाही. ती संस्थेच्या नियमांनी द्यावी लागेल.

स्वतःचे रुग्णालय असलेल्या उद्योगात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. रुग्णाला तपासणारा डॉक्टर आणि कामगार कामाला योग्य आहे की नाही हे ठरवणारा डॉक्टर, हे दोघेही एकाच व्यवस्थापनाचे नोकर असतात. तेथे वही मिळवण्यासाठी करार करावा लागत नाही. म्हणूनच ती बंद ठेवण्यासाठी शिस्त लागते.

याची दुसरी बाजूही आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने काही व्यवसायजन्य रोग आढळल्यास ते कारखाने-निरीक्षकांना कळवण्याचे कर्तव्य डॉक्टरांवर टाकले होते. एकाच खात्यातील कामगारांना फुप्फुसाचे विकार वारंवार होत असतील, तर ते समूहाच्या नोंदींतूनच उघडकीस येईल. ही माहिती नियोक्त्याला गैरसोयीची वाटण्याचा संभव आहे. तेव्हा नोंदी झाकल्याने कामगाराचे नेहमीच रक्षण होते, असेही म्हणता येत नाही. एकट्याचा रोग झाकला पाहिजे. खात्याचा रोग उघड झाला पाहिजे.

ओळ विभागण्याची रीत

या दोन गरजांचा मेळ घालण्याचा मार्ग म्हणजे नोंदीची विभागणी. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याखाली झालेल्या गोपनीयतेच्या नियमांनी तो काही अंशी घालून दिला आहे. विम्याची बोलणी करण्यासाठी किंवा योजनेत बदल करण्यासाठी नियोक्त्याला गोषवारा मिळू शकतो; नावानिशी नोंदी हव्या असतील तर त्या नेमणूक, बढती वा बडतर्फी यांसाठी वापरणार नाही, असे लेखी बंधन योजनेच्या नियमांत स्वीकारावे लागते.

याच तत्त्वावर कोणत्याही सामूहिक योजनेची वही तीन थरांत ठेवता येते. पहिला थर दराचा: कोणत्या रुग्णालयाने कोणत्या उपचारास किती मागितले, किती मान्य झाले, किती नाकारले गेले. यात माणसाचे नाव लागतच नाही. म्हणून तो नियोक्ता व सभासदांची संघटना या दोघांनाही पूर्ण खुला असावा. दुसरा थर रोगांच्या संख्येचा: वयोगट, खाते व वस्ती यांनुसार कोणते रोग किती. तो आरोग्याचे उपाय योजणाऱ्यांना मिळावा. मात्र लहान संख्या झाकून. तिसरा थर नावानिशी नोंदींचा. तो रुग्ण, त्याचा डॉक्टर व दावा तपासणारा यांच्यापुरताच राहावा, आणि तक्रारीच्या निवारणासाठी रुग्णाने स्वतः दिला तरच इतरांच्या हाती जावा.

लहान संख्या झाकण्याचे कारण असे. नाव काढले म्हणजे ओळख गेली, असे होत नाही. ‘५८ वर्षांचा पुरुष, अमुक खाते, मूत्रपिंडाचे रोपण, नागपूर’ एवढे वाचले, की त्या खात्यातील सगळ्यांना माणूस कळतो. म्हणून अमेरिकेच्या वृद्धांसाठी असलेल्या सरकारी विमा योजनेत, ज्या रकान्यातील रुग्णसंख्या ११ पेक्षा कमी असेल तो रकाना प्रसिद्ध करीत नाहीत. हजारोंच्या योजनेत हा नियम पाळणे सोपे असते. शे-दोनशे कामगारांच्या कारखान्यात मात्र बहुतेक सर्व रकाने त्याखाली येतील. तेथे अनेक लहान संस्थांच्या नोंदी एकत्र करूनच अर्थपूर्ण आकडे मिळू शकतात.

या विभागणीत एक प्रश्न उरतो: पहिला व दुसरा थर कोणाच्या हाती द्यावयाचा? ‘पैसे देणारा’ म्हणजे नियोक्ता, असे मानून हा सारा वाद बहुधा चालतो. परंतु नियोक्त्याचा वाटा हा कामगाराच्या मोबदल्याचाच एक भाग असतो, आणि निवृत्ताचा हप्ता तर सरळ त्याच्या खिशातून जातो. तेव्हा पैसे देणाऱ्याचा जो हक्क, तो सभासदांचाही हक्क होय.

या दृष्टीने भिलाईच्याच परिसरातील आणखी एक उदाहरण उल्लेखनीय आहे. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार होते. कायम कामगारांच्या तुलनेने त्यांची वैद्यकीय सोय अपुरी होती. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ ही संघटना बांधली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू झाले. ते कामगारांनी आपल्या वर्गणीतून व श्रमदानातून उभारले होते. तेथे पैसे देणारा, रुग्णालय चालवणारा आणि रुग्ण हे एकाच वस्तीतील लोक होते. औषध आवश्यक आहे की नाही, ते स्वस्त मिळेल काय, हा प्रश्न त्यामुळे विमा कंपनीच्या कचेरीत न जाता संघटनेच्या सभेत आला.

प्रत्येक वस्तीला असे रुग्णालय उभारणे शक्य नाही, आणि अवघड शस्त्रक्रियांचा भार तशा लहान संस्थेला पेलणारही नाही. परंतु त्यातील हिशेबाची पद्धत अन्यत्र नेता येते. सामूहिक विम्याचे नूतनीकरण करताना नियोक्त्याबरोबर निवृत्तांचे प्रतिनिधीही बसावेत. वाढीव हप्त्याच्या मागणीसोबत दरांचा पूर्ण तक्ता व नाकारलेल्या दाव्यांची कारणे मांडली जावीत. न नोंदलेल्या दाव्यांपोटी धरलेली रक्कम नंतर किती खरी ठरली, हे पुढच्या वर्षी दाखवावे. आणि प्रत्येक सभासदाला त्याच्या स्वतःच्या दाव्याची नोंद, तीनही रकमांसह, मागताच मिळावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी कोणाच्याही रोगाचा उच्चार दुसऱ्यासमोर करावा लागत नाही.

मोहन नगरमधील एखाद्या निवृत्त कामगाराच्या हाती नूतनीकरणाची सूचना येते तेव्हा तिच्यात वाढलेला हप्ता आणि तो भरण्याची अंतिम तारीख, एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. वाढ का झाली हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. आणि शेजाऱ्याला कोणता आजार आहे हे कळल्यावाचून त्याला त्याचे उत्तर देता येते.